अड्यारचे दोन काठ आणि वेल्लोरची चूल

चेन्नई शहराच्या दक्षिण भागात अड्यार नदी बंगालच्या उपसागराला मिळते. मिळते असे म्हणायचे एवढेच. पावसाळा सरला की मुखाशी वाळूचा बांध साचतो आणि नदी समुद्राच्या उंबरठ्यावर येऊन थबकते. ओहोटीच्या वेळी चिखलात बगळे उभे असतात. वरच्या पुलावरून बसगाड्या, रिक्षा आणि दुचाक्यांची रीघ चालू असते. या पुलाला तामिळनाडूचे कामगार पुढारी आणि लेखक थिरु वि. कल्याणसुंदरम यांचे नाव दिलेले आहे. शेजारी जुन्या एल्फिन्स्टन पुलाचे अवशेष दिसतात.

पुलाच्या उत्तरेकडच्या रस्त्यावरची पाटी वाचून मराठी प्रवासी हमखास थांबतो. नाव असते डॉ. दुर्गाबाई देशमुख यांचे. सगळीकडे तमिळ नावे, आणि त्यात हे देशमुख कुठून आले? रस्त्याला लागूनच आंध्र महिला सभेचे आवार आणि रुग्णालय आहे. म्हणजे शहर तमिळ, संस्था तेलुगू आणि आडनाव मराठी! उलगडा सोपा आहे. काकिनाड्याच्या दुर्गाबाईंनी १९५३ साली चिंतामणराव देशमुखांशी विवाह केला. हे चिंतामणराव म्हणजे रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, आणि पुढे मुंबईच्या प्रश्नावर केंद्रातल्या अर्थमंत्रिपदाचा राजीनामा देणारे आपले सी. डी. देशमुख. विवाह नोंदणी पद्धतीने झाला. साक्षीदारांत खुद्द पंडित नेहरू होते.

पूल ओलांडून दक्षिण काठावर आले की थिऑसॉफिकल सोसायटीचे विस्तीर्ण उपवन लागते. १८८२ सालापासून सोसायटीचे मुख्य ठाणे इथेच आहे. इथला वड पाहायला लोक मुद्दाम येतात. त्याचे मूळ खोड १९८९ च्या वादळात कोसळले, पण पारंब्यांचे खांब झाले आणि झाड उभेच राहिले. याच आवारात ॲनी बेझंट यांचे वास्तव्य असे. १९१७ च्या मे महिन्यात विमेन्स इंडियन असोसिएशन ही संस्था इथेच स्थापन झाली. तिच्यामागे मुख्य धडपड होती मार्गारेट कझिन्स या आयरिश बाईंची. पुण्याच्या वाचकांना हे नाव अगदीच परके नसावे. १९२७ च्या जानेवारीत फर्ग्युसन कॉलेजात अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन भरले, ते प्रामुख्याने त्यांच्याच खटपटीने.

उत्तर काठावर दुर्गाबाई, दक्षिण काठावर मार्गारेटबाई. एक बालविवाहाच्या बेडीतून स्वतःला सोडवून घेतलेली तेलुगू मुलगी, तर दुसरी संगीताची पदवी घेतलेली युरोपियन विदुषी. मधे नदी आहे. दोघींना जोडणारी जागा मात्र अड्यारपासून सुमारे १४० किलोमीटरवर आहे. ती म्हणजे वेल्लोरचा स्त्रियांचा तुरुंग.

वेल्लोर मराठी माणसाला तसे माहीत असते ते दोन कारणांनी. एक तिथले ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे रुग्णालय आणि दुसरे अलीकडचे सोनेरी मंदिर. इतिहासाची आवड असलेले लोक किल्लाही पाहून येतात. १८५७ च्या कितीतरी आधी, १८०६ च्या जुलैत, इथल्या शिपायांनी इंग्रजांविरुद्ध हत्यार उचलले होते. चेन्नईहून रेल्वेने काटपाडी गाठायचे, तिथून बस किंवा रिक्षा. सकाळी निघून रात्री परत येता येते. पण ‘वेल्लोरमध्ये काय पाहावे’ अशी यादी कुणी हातात दिली तर तिच्यात तुरुंग असणार नाही, आणि तो पाहायला मिळतही नाही. अंदमानच्या सेल्युलर जेलमध्ये रोज संध्याकाळी प्रकाश-ध्वनीचा खेळ होतो. येरवड्याला गांधीजींच्या मुक्कामाच्या खुणा जपल्या आहेत. चेन्नईच्या सेंट्रल स्टेशनजवळचा एकोणिसाव्या शतकातला मध्यवर्ती तुरुंग २००९ मध्ये पाडला, तेव्हा आधी काही दिवस तो लोकांना पाहायला खुला केला होता. बायामुले धरून लोकांनी रांगा लावल्या. आपल्याकडे तुरुंगसुद्धा तीर्थक्षेत्र होऊ शकतो. मात्र ज्या जागेत शेकडो बायकांनी धान्य निवडले, दळले, रांधले आणि ज्या पत्र्याच्या ताटात ते खाल्ले, ती जागा कुठे दाखवत नाहीत.

मराठी कळी, तमिळ कळी

तमिळ माणूस कुणाला ‘जेलमध्ये कळी खायला जाशील’ असा दम देतो. मराठी कानाला कळी म्हटले की फूल आठवते, पण ही कळी म्हणजे नाचणीच्या पिठाचा घट्ट गोळा. आपण जसे ‘खडी फोडायला जाशील’ किंवा ‘तुरुंगाची हवा खाशील’ म्हणतो, तसाच हा वाक्प्रचार. मराठी तुरुंगात हवा खायला मिळते, तमिळ तुरुंगात निदान कळी तरी!

कर्नाटकात याच पदार्थाला मुद्दे म्हणतात. कृती सोपी वाटते, पण मनगट लागते. पाण्याला आधण आणायचे, मीठ घालायचे, काही ठिकाणी तांदळाची कणी शिजवून घेतात. मग नाचणीचे पीठ मधोमध ढीग करून सोडायचे. लगेच ढवळायचे नाही. पीठ वाफेवर शिजू द्यायचे आणि मग लाकडी दांड्याने एकजीव घोटायचे. घरी चारपाच माणसांसाठी हे काम दहा मिनिटांचे. तुरुंगात शेकड्याने तोंडे असतात. तिथे एवढ्या मोठ्या भांड्यात दांडा फिरवायचा म्हणजे आगीजवळ उभे राहून केलेली अंगमेहनतच. गुठळी राहिली तर आतले पीठ कच्चे, आणि कच्च्या पिठाने पोट धरते. म्हणून कळी करणारीचा हात चांगला की वाईट, यावर सगळ्या बराकीचा दिवस ठरायचा.

खाण्याचीही एक रीत आहे. कळी चावत नाहीत. बोटाने तुकडा तोडायचा, सांबारात किंवा पालेभाजीच्या रश्श्यात बुडवायचा आणि गिळायचा. कोकणात नाचणीची भाकरी आणि आंबील पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. सी. डी. देशमुखांच्या नाते गावच्या परिसरातही नाचणी काही परकी नाही. आज डॉक्टर नाचणीचे गुण गातात, दुकानांत तिची बिस्किटे मिळतात. कळी हा मुळात वाईट पदार्थ नव्हेच. घरात गरम, मायेने वाढलेली कळी आणि तुरुंगात तोलून, गार झाल्यावर, रांगेत उभे करून ताटात टाकलेली कळी, यांत पीठ तेवढे सारखे.

ताटाचे तीन वर्ग

आगगाडीचे वर्ग आपल्याला माहीत आहेत. तुरुंगाचे वर्ग १९३० च्या सुमारास पक्के झाले. लाहोरच्या तुरुंगात १९२९ साली जतींद्रनाथ दास यांनी उपोषण करून प्राण दिले, देश हळहळला, आणि सरकारने कैद्यांची अ, ब आणि क अशी वर्गवारी केली. निकष गुन्ह्याचा होता, तसा राहणीमानाचाही होता. शिक्षण, घराणे, बाहेरच्या आयुष्यात सवय असलेले सुखसोयींचे जीवन हे पाहून मॅजिस्ट्रेट वर्गाची शिफारस करी. वरच्या वर्गाला स्वतःचे कपडे, पुस्तके, पत्रे, बरा शिधा. क वर्गाला तुरुंगाचे जाडेभरडे लुगडे, तुरुंगाचे ताट आणि तुरुंगाचे काम.

म्हणजे घरी ज्या बाईच्या ताटात कमी पडायचे, तिच्या ताटात तुरुंगातही कमीच पडायचे. कायद्याचा हेतू काही असो, परिणाम असा झाला की एकाच सत्याग्रहात, एकाच दिवशी पकडलेल्या दोन बायका आत गेल्यावर वेगवेगळ्या पंक्तीला बसत. वकिलाची बायको एकीकडे आणि तिच्याच शेजारी उभी राहून घोषणा देणारी विणकराची बायको दुसरीकडे.

वरच्या वर्गातल्या राजकीय कैद्यांच्या दिमतीला अनेक तुरुंगांत साध्या कैद्यांना स्वयंपाकासाठी आणि वरकामासाठी देत. हा प्रकार पुरुषांच्या तुरुंगात होता तसा स्त्रियांच्याही होता. विजयालक्ष्मी पंडित १९४२ साली अलाहाबादच्या नैनी तुरुंगात होत्या. त्यांच्या रोजनिशीत शिध्यातल्या खड्यामातीपासून बराकीतल्या स्वयंपाकापर्यंत सगळे आहे. त्यांच्याबरोबर कन्या लेखा आणि भाची इंदिरा होती. एरवी नोकरांनी भरलेल्या आनंदभवनातल्या या बायका तिथे डाळ-तांदूळ निवडायला शिकल्या. पण त्या बराकीत खून, चोरी असल्या गुन्ह्यांसाठी शिक्षा झालेल्या बायकाही होत्या. सुशिक्षित बाईची आणि या बायकांची ओळख व्हायची ती सभेत नव्हे, भाषणात नव्हे, तर चुलीपाशी. एकीने निवडायचे, दुसरीने फुंकणी धरायची, आणि हात चालू असताना तोंडही चालू. घरी नाही का, आपल्या शेजारणीच्या संसाराची खरी कहाणी कळते ती पापड लाटतानाच?

नऊ तास

१८९४ च्या तुरुंग कायद्यात सक्तमजुरीच्या कैद्याला दिवसाला नऊ तासांहून अधिक काम देऊ नये असे म्हटले आहे. स्त्रियांना बेड्या आणि फटके यांतून त्याच कायद्याने वगळले. त्यांची झडती स्त्रीनेच घ्यायची, त्यांना पुरुषांपासून वेगळे ठेवायचे, हेही त्यात आले. वाचायला हे बरे वाटते. प्रत्यक्षात बहुतेक जिल्हा तुरुंगांत स्त्रियांसाठी स्वतंत्र इमारत नसे. पुरुषांच्या तुरुंगातच एका कोपऱ्यात भिंत घालून केलेला चौक म्हणजे बायकांचा तुरुंग. वेल्लोरसारखे खास स्त्रियांचे मोठे तुरुंग देशात थोडे.

काम कोणते? धान्य निवडणे, कांडणे, दळणे, सूत कातणे, कैद्यांचे कपडे शिवणे, झाडलोट, पाणी भरणे आणि स्वयंपाक. ही यादी एखाद्या गृहिणीला दाखवा. ती म्हणेल, यात शिक्षा कोणती? हे तर मी रोज करते! नऊ तासांची मर्यादा ऐकून तर तिला हसूच येईल. खेड्यातल्या बाईचे काम पहाटेच्या जात्यापासून रात्रीच्या भांड्यांपर्यंत चाले, आणि ते मोजायला कुणी जेलर नव्हता.

तरीही फरक होता. आपल्याकडे जाते आणि ओवी यांची जोडी आहे. दळणाचे कष्ट ओवीने हलके होतात, सासरचे गाऱ्हाणे जात्यालाच सांगायचे असते. तुरुंगाच्या जुन्या नियमावल्यांत गाणे, मोठ्याने बोलणे आणि मोठ्याने हसणे यांची गणना चक्क अपराधांत होते. कामाच्या वेळी बोलायलाही मनाई. जाते आहे, पीठ आहे, दळणारीही आहे, पण ओवी नाही! ज्या कुणी हे कलम लिहिले त्या साहेबाला बायकांचे दळण ठाऊक नसावे, किंवा फारच चांगले ठाऊक असावे. अर्थात नियम होता म्हणून बायका गप्प बसल्या असतील यावर कुणाचा विश्वास बसेल?

दुसरा फरक कामाच्या हेतूचा. बाई घरी रांधते ते लेकराच्या तोंडात पडते. तुरुंगात तिच्या हातचे कुणाच्या ताटात जाणार हे तिला माहीत नसते. आणि तिची स्वतःची मुले? अगदी लहान मूल आईबरोबर आत ठेवता येते. आजच्या नियमाप्रमाणे सहा वर्षांपर्यंत. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली अशा मुलांच्या दूध, आहार, पाळणाघर आणि शिक्षणाबद्दल सविस्तर निर्देश दिले. मूल काही कैदी नव्हे, हे त्यावेळी न्यायालयाला स्पष्ट शब्दांत सांगावे लागले. त्याआधी शंभर वर्षांहून अधिक काळ मुले आत वाढतच होती.

मार्गारेटबाईंचे तीन तुरुंग

मार्गारेट कझिन्स यांना वेल्लोर नवे असले तरी तुरुंग नवा नव्हता. स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढताना १९१० साली लंडनमध्ये त्यांना पकडले आणि महिनाभर हॉलोवे तुरुंगात ठेवले. १९०३ पासून हा तुरुंग केवळ स्त्रियांसाठी होता. तिथेही तीन वर्ग होतेच. हिंदुस्थानातली अ-ब-क ही त्याच घराण्यातली मंडळी. मताधिकारवाल्या बायकांना दुसऱ्या वर्गात टाकत. फळीचा बिछाना, टिनाचे भांडे, जाड पाव, पातळ पेज आणि शिवणकाम किंवा मोजे विणणे. आपण चोर नाही, राजकीय कैदी आहोत, तसे वागवा, ही त्यांची मागणी होती. ती मान्य होईना तेव्हा त्यांनी अन्न सोडले. १९०९ पासून तुरुंगाचे अधिकारी नाकातोंडात नळी घालून जबरदस्तीने अन्न घालू लागले. स्वयंपाकघराची इतकी भीषण बाजू दुसरी नसेल.

१९१३ मध्ये डब्लिनला सरकारी इमारतीच्या काचा फोडल्याबद्दल मार्गारेटबाईंना पुन्हा महिन्याची शिक्षा झाली. टुलामोरच्या तुरुंगात त्यांनी आणि मैत्रिणींनी उपोषण केले आणि राजकीय कैद्याच्या सवलती मिळवल्या.

दोन वर्षांनी त्या पती जेम्स यांच्यासह हिंदुस्थानात आल्या. १९२० च्या दशकात मद्रासेत त्यांना मानद मॅजिस्ट्रेट नेमले. देशातल्या त्या पहिल्या स्त्री मॅजिस्ट्रेट. आणि मग १९३२ चा डिसेंबर आला. सरकारच्या अध्यादेशांविरुद्ध त्यांनी जाहीर भाषण केले. चांगल्या वर्तणुकीची हमी लिहून द्या, सोडतो, असे सांगण्यात आले. त्यांनी लिहून दिले नाही. शिक्षा एक वर्षाची आणि रवानगी वेल्लोरला. तेव्हा त्यांचे वय ५४ होते. कालपर्यंत न्यायासनावर बसलेली बाई आज कैद्यांच्या मोजदादीत उभी! मार्गारेटबाई कट्टर शाकाहारी होत्या. निदान त्या बाबतीत दक्षिणेच्या तुरुंगाने त्यांना लंडनपेक्षा कमी त्रास दिला असावा.

वेल्लोरला तेव्हा मद्रास इलाख्यातल्या कितीतरी नावाजलेल्या बायका येऊन गेल्या होत्या. वेदारण्यमच्या मिठाच्या सत्याग्रहात शिक्षा झालेल्या रुक्मिणी लक्ष्मीपती होत्या, तसेच परदेशी कापडाच्या दुकानांवर निरोधन करणाऱ्या अंबुजम्माळ होत्या. अंबुजम्माळ म्हणजे मद्रासचे बडे वकील एस. श्रीनिवास अय्यंगार यांची कन्या. मोठ्या घरच्या या मुलीने पुढे १९४८ साली अड्यारच्या जवळच गरीब बायकांसाठी श्रीनिवास गांधी निलयम काढले. तुरुंगातून बाहेर पडल्यावर बायकांसाठी घर काढण्याची ओढ या सगळ्यांनाच कशी लागली, हे पाहण्यासारखे आहे.

दुर्गाबाईंनी काय पाहिले

दुर्गाबाई १९०९ च्या. आठव्या वर्षी लग्न लागले. मोठी झाल्यावर त्यांनी ते नाते नाकारले. १९३० साली मद्रासच्या मिठाच्या सत्याग्रहाची धुरा त्यांच्यावर आली तेव्हा एकविसावे वर्षही पुरे झालेले नव्हते. १९३० ते १९३३ या काळात तीनदा तुरुंगवास घडला. वेल्लोर झाले, मदुरै झाले. मदुरैला त्यांना दीर्घकाळ एकांतकोठडीत ठेवले होते, आणि शेजारी फाशीची वाट पाहणारे कैदी. रात्रीबेरात्री कानावर येणाऱ्या आवाजांनी त्यांची प्रकृती पार ढासळली.

पण त्यांच्या मनात घर करून राहिल्या त्या आतल्या इतर बायका. त्या राजकीय कैदी नव्हत्या. कुणी दारिद्र्याने, कुणी नवऱ्याच्या जाचाने, कुणी दुसऱ्याने केलेले अंगावर आल्याने आत आलेल्या. अनेकींना आपल्यावर आरोप काय होता हेच नीट माहीत नव्हते. कोर्टातली भाषा कळली नाही, वकील नव्हता, अंगठा कशावर उमटवला याचा पत्ता नाही. सत्याग्रही बाई सुटीची तारीख मोजत होती, बाहेर हारतुरे घेऊन लोक उभे राहणार होते. या बायकांना घ्यायला कुणी येणार नव्हते. कित्येकींना घरच्यांनी कधीच टाकले होते.

सुटल्यावर दुर्गाबाईंनी राजकारण बाजूला ठेवले आणि पाटी-पुस्तक हातात घेतले. शाळा अर्धवट सुटलेली. बनारस विद्यापीठाची मॅट्रिक, आंध्र विद्यापीठाची पदवी आणि १९४२ साली मद्रासला कायद्याची पदवी. वकील व्हायचे ते कशासाठी हे तुरुंगातच ठरले होते. मधल्या काळात, १९३७ साली, मद्रासमध्ये लहान मुलींचे एक मंडळ सुरू केले होते. त्याचीच पुढे आंध्र महिला सभा झाली. शिक्षण अर्धवट राहिलेल्या, विधवा, टाकलेल्या बायकांना दोनेक वर्षांत मॅट्रिकला बसवायचे वर्ग तिथे चालत. मोठेपणी शिकणाऱ्या बाईला पाचवी, सहावी, सातवी अशा पायऱ्या चढायला वेळ नसतो, हे दुर्गाबाईंना स्वतःच्या अनुभवाने कळले होते. १९५३ मध्ये त्या केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या, आणि पुढे हाच अभ्यासक्रम देशभर गेला.

या वर्गांच्या जोडीला सभेत शिवण, विणकाम आणि हस्तकला शिकवत. म्हणजे पुन्हा तीच यादी! सुई, दोरा, माग. वेल्लोरच्या भिंतीआड हेच काम शिक्षा म्हणून करून घेत होते आणि अड्यारच्या काठी तेच काम बायकांना पायावर उभे करत होते. इथे मजुरी बाईच्या हातात पडे, काम सोडून जायची मुभा असे, आणि गाण्याला बंदी नव्हती.

घटना समितीत मद्रासकडून निवडून गेलेल्या मोजक्या स्त्रियांत दुर्गाबाई होत्या. चीनच्या दौऱ्यावरून आल्यावर त्यांनी कौटुंबिक न्यायालयांचा आग्रह धरला आणि त्याबद्दल न्यायमूर्ती छगला आणि गजेंद्रगडकर यांच्याशी चर्चा केली. तो कायदा १९८४ साली झाला. दुर्गाबाई १९८१ च्या मे महिन्यात गेल्या होत्या. कोणत्याही स्त्रीला आणि अटकेतल्या कोणत्याही व्यक्तीला, उत्पन्न न पाहता, सरकारी खर्चाने वकील मिळण्याची तरतूद १९८७ च्या विधी सेवा कायद्यात आली आणि ती १९९५ पासून अमलात आहे. मदुरैच्या त्या बायकांना ती साठ वर्षे उशिरा मिळाली म्हणायची.

लाटणे घेऊन निघालेल्या

स्वयंपाकघर आणि तुरुंग यांचे नाते आपल्या महाराष्ट्रानेही पाहिले आहे. १९७२ च्या सुमारास महागाईने कहर केला तेव्हा मुंबईच्या बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. पुढे होत्या मृणाल गोरे, अहिल्याताई रांगणेकर आणि प्रमिलाताई दंडवते. तेल, साखर, रॉकेल यांसाठी ती लाटणी वाजली. तीनच वर्षांत आणीबाणी आली आणि या लाटणेवाल्या बायका गजाआड गेल्या. मृणालताईंना अकोल्याच्या तुरुंगात ठेवले होते. त्यांच्या एका बाजूला महारोग झालेली बाई आणि समोर सतत ओरडणारी मनोरुग्ण बाई. स्वतःच्या हालांपेक्षा, ज्यांना दवाखान्यात ठेवायला हवे त्या बायका तुरुंगात का, हा प्रश्न त्यातून बाहेर आला. १९७७ च्या निवडणुकीत मृणालताई आणि अहिल्याताई लोकसभेत पोहोचल्या.

आणि तुरुंगाच्या मुदपाकखान्याची एक जुनी गाठ तर अगदी अलीकडे सुटली. कैद्यांचा स्वयंपाक कुणी करायचा आणि संडास कुणी साफ करायचे, हे कित्येक राज्यांच्या नियमावल्यांत जातीवरून लिहिलेले होते. चूल ‘वरच्या’ जातीकडे, झाडू ‘खालच्या’ जातीकडे. तामिळनाडूतल्या पाळयंकोट्टै तुरुंगात तर कैद्यांना जातवार वेगळे ठेवत. पत्रकार सुकन्या शांता यांनी हे उजेडात आणले आणि न्यायालयात दाद मागितली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असे नियम घटनाबाह्य ठरवले. स्वातंत्र्याला ७७ वर्षे झाली होती.

चेन्नईत आलेल्या कुणाला आजच्या स्त्री कैद्यांचे काम पाहायचेच असेल तर शहराच्या उत्तर टोकाला पुळलला जावे. जुना मध्यवर्ती तुरुंग हलवला तो तिथे. स्त्रियांचा विशेष तुरुंगही तिथेच आहे. या तुरुंगातल्या शिक्षा झालेल्या बायकांनी चालवायचा पेट्रोल पंप २०२३ च्या ऑगस्टमध्ये सुरू करण्यात आला. देशातला असा हा पहिलाच असल्याचे तेव्हा सांगण्यात आले. ना चूल, ना जाते, ना सुई. गणवेश घातलेली बाई नळी हातात धरून आकडा शून्यावर आल्याचे आधी गाडीवाल्याला दाखवते, मग पेट्रोल सोडते आणि पैसे मोजून घेते.